सिंधूचा मका

गोविंदनानांनी माझ्या हातचा पहिला चहा घेतला तो ओट्याखाली, उभ्या उभ्या. एक घोट घेतला, डोळे मिटले, घोट तोंडातल्या तोंडात फिरवला आणि म्हणाले, "दूध सखूच्या म्हशीचं. पन बाई, त्या म्हशीले सरकी कमी पडून राह्यली."

मी धुळ्याहून असोद्याच्या शाळेत नुकतीच बदलून आले होते. एकटी बाई, नवं गाव, समोरच्या घरातलं वडीलधारं माणूस पहिल्यांदा दारात आलेलं. काही हवं-नको विचारतील अशी माझी अपेक्षा. त्यांनी विचारपूस केली ती म्हशीची. मी म्हटलं, "नाना, दूध सखूबाईंकडचं नाही. मी देवळाजवळून घेते."

"तं मंग सखूनं त्यायले इकलं असंन," नाना म्हणाले आणि कपबशी ओट्यावर ठेवून निघून गेले.

अशी त्यांची जीभ. ती चुकतच नसे, चुकायचं ते जग. गावातल्या कुठल्याही विहिरीचं पाणी पाजा, नाना विहीर सांगणार. निम्म्या वेळा बरोबर निघे, निम्म्या वेळा पाणी आणणाऱ्याने घागरी बदलल्या असं ठरे. देवळातल्या शिऱ्याला नशिराबादचं साजूक तूप वापरलंय म्हणून त्यांनी भर पंगतीत शपथ घेतली होती. ते डब्यातलं वनस्पती तूप होतं हे डबा समोर आणून ठेवला तरी त्यांनी कबूल केलं नाही. एका लग्नात भरताचा पहिला घास घेतल्याबरोबर ते पानावरून उठले आणि थेट चुलाणाकडे गेले. "वांगे तुरीच्या काड्यांवर भाजले का कपाशीच्या पऱ्हाटीवर?" आचारी आधीच घामाने निथळत होता. त्याने हातातला झारा दाखवून त्यांना परत पाठवलं. नाना येऊन बसले, सगळं भरीत पुसून खाल्लं, आणखी एकदा वाढून घेतलं आणि शेजाऱ्याला म्हणाले, "तुरीच्याच व्हत्या. बोलला नही तो."

जिभेसाठी त्यांनी जन्मात तंबाखू तोंडात धरली नाही. त्यांच्या बरोबरीचे लोक पारावर चंच्या सोडून बसत तेव्हा नाना वरच्या पायरीवर, वाऱ्याच्या अंगाला बसायचे. लोक त्यांची भरपूर थट्टा करत आणि घरात काही नवं शिजलं की वाटीभर त्यांना आधी पाठवत. उंच, वाळके, डोक्याला उपरणं गुंडाळलेले नाना वाटी हातात घेऊन डोळे मिटत, तेव्हा वाटी आणणारी सासुरवाशीण खरोखर श्वास रोखून उभी राही. मीसुद्धा राहिले आहे.

त्यांची बायको अक्का. नाना जितके बोलके तितक्या त्या कमी बोलणाऱ्या. त्यांची विद्या बोटांत होती. सुपात बी घेऊन उन्हात बसल्या की नजर दुसरीकडे असली तरी बोटं किडका, फुटका, पोचट दाणा बरोबर बाजूला काढत. पेरणीआधी शेजारपाजारच्या बाया ज्वारीचं, तुरीचं बी त्यांच्याकडे निवडायला घेऊन येत. अक्कांच्या हातून गेलेलं बी म्हणजे ते उगवणारच, अशी सगळ्यांची खात्री होती. घरात एकाचा मान जिभेला, दुसरीचा बोटांना. मला ते फार गमतीचं वाटे. पुढे जे झालं ते याच दोन मानांमुळे झालं, हे तेव्हा माझ्या ध्यानात यायचं कारण नव्हतं.

या दोघांना एकच मुलगी होती, सिंधू. मी गावात आले तेव्हा ती जाऊन तीन-चार वर्षं झाली होती. तिला मी पाहिलेलं नाही, पण तिच्याविषयी इतकं ऐकलं की रस्त्यात भेटली असती तर ओळखली असती. बापाच्या जिभेची खोडी काढणारी गावात ती एकटीच. आमटीत मुद्दाम चिंचेऐवजी कैरी घालायची आणि नाना काय म्हणतात ते दाराआडून ऐकायची. तिला दिली भुसावळला. नवरा रेल्वेत. त्यांच्या चाळीमागे एका गोऱ्या साहेबाचा बंगला होता आणि बंगल्यामागे बाग. स्वातंत्र्य आलं आणि साहेब सामानसुमान बांधून निघाला. बाग तशीच उभी राहिली. त्या बागेत मक्याची काही ताटं होती. माळ्याने कोवळं कणीस चाखायला दिलं तेव्हा सिंधू म्हणे तोंडाला हात लावून उभीच राहिली. मका, आणि इतका गोड! उरलेली कणसं ताटावरच वाळू दिली, माळ्याकडून मागून घेतली, दाणे काढले आणि फडक्यात बांधून येणाऱ्याजाणाऱ्याबरोबर असोद्याला धाडले. बरोबर निरोप: "नानाले म्हना, याच्यात खोट काढून दाखवा."

फडकं अक्कांनी सोडलं. आत दाणे कसले, सुरकुत्यांचा ढीग. एकूण एक दाणा चिमलेला, म्हाताऱ्या माणसाच्या बोटाच्या शेंड्यासारखा. अक्का म्हणाल्या, "हे तं मेलं बी. पोरीले कोनी फसोलं." नानांना ते पटलं होतं, पण लेकीने धाडलेलं बी टाकायचं कसं? पाऊस झाल्यावर विहिरीकडच्या तुकड्यात त्यांनी ते टोकलं. आणि ते उगवलं.

त्याच पावसाळ्यात सिंधू पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. कणसं भरत आली तेव्हा तिचे दिवसही भरत आले होते. रोज दुपारी नाना ताजं कणीस तोडून आणत, अक्का पऱ्हाटीच्या निखाऱ्यावर भाजत आणि तिघं ओसरीवर बसून खात. पहिल्या दिवशी नानांनी दाणे तोंडात टाकले, डोळे मिटले आणि बराच वेळ उघडलेच नाहीत. सिंधू म्हणाली, "काढा खोट." नाना म्हणाले, "हरलो वं माय." ते कुणापुढे हरल्याचं गावाला माहीत असलेलं हे एकच उदाहरण.

ती बाळंतपणातून उठली नाही. मूलही राहिलं नाही. मळ्यात कणसं तशीच ताटांवर उभी होती.

दहाव्याच्या दिवशी अक्कांनी मका सोडला. आपल्याकडे गेलेल्या माणसाच्या आवडीचा जिन्नस त्याच्या नावाने सोडतात, तसा. भाजलेला, उकडलेला, पीठ, काही म्हणजे काही नाही. नानांनी उलटं केलं. त्यांनी तो मका दरवर्षी लावायचा ठरवला. सिंधूचा मका म्हणूनच तो ओळखला जाऊ लागला, आणि त्याचं बी राखणं हे त्या घरातलं देवाधर्माच्या वरचं काम होऊन बसलं.

बी निवडण्याची नानांची रीत त्यांची स्वतःची होती. कणसं दुधात आली की ते सकाळी चूळ भरून, काही न खाता मळ्यात जात. ताटावरचं कणीस ताटावरच ठेवून वरची पानं थोडी सोलायची, शेंड्याकडचे दोन-चार दाणे दातांनी टिपायचे, डोळे मिटायचे. पसंत पडलं तर पानं पुन्हा मिटून त्यावर चिंधी बांधायची. चिंधी सिंधूच्या जुन्या लुगड्याच्या काठाची. चिंधी बांधलेलं कणीस कुणी तोडायचं नाही, ते वाळून बियाण्याला. तिथे त्यांची जीभ थट्टेची राहत नसे. मी एकदा त्यांना ते करताना पाहिलं. एका कणसापाशी ते इतके थांबले की मला वाटलं त्यांना काही झालं. मग चिंधी बांधून ते हळूच म्हणाले, "हे सिंधूनं खाल्लं, त्यातलं."

चिंधीची कणसं वाळून घरी आली की पुढचं काम अक्कांचं. दाणे काढायचे, निवडायचे, राखेत घोळून मडक्यात भरायचे. स्वतः चाखायचं नाही, पण लेकीच्या बियाण्यात एक वाईट दाणा जाऊ द्यायचा नाही.

नानांना आणखी एक हौस होती. सिंधूच्या मक्याच्या शेजारीच त्यांनी गावचा पांढरा मका लावून ठेवला होता. पाहुणा आला की आधी पांढरा खायला द्यायचा आणि मग सिंधूचा. पाहुण्याचे डोळे मोठे झाले की नाना आभाळाकडे पाहत. मी आले त्या वर्षी मलाही तसंच खाऊ घातलं. खरं सांगायचं तर मला तो विचित्र वाटला. एक दाणा साखर, शेजारचा साधा, पुन्हा एक साखर. मला वाटलं, या जातीची तऱ्हाच अशी असेल. गोड होता, एवढं नक्की. शाळेतली पोरं मधल्या सुट्टीत नानांच्या कुंपणातून घुसत आणि नाना काठी घेऊन त्यांच्यामागे धावत. पोरांच्या शर्टात कणसं लपवलेली मी कितीदा पकडली आहेत.

त्या वर्षी दसऱ्यानंतर एका दुपारी अक्कांनी मला हाक मारली. सुपात मक्याचं बी होतं. अक्का कधी नव्हे त्या हसत होत्या. "पाहा बाई, पह्यले कसं आलं व्हतं. सारं सुरकुतलेलं, मेल्यावानी. आता पाहा." त्यांनी ओंजळभर दाणे माझ्या हातात ओतले. टपोरे, भरलेले, गुळगुळीत. "आपली माती मानवली त्याले. सिंधूच्या बियाले बाळसं आलं." सुपाच्या कडेला थोडे चिमलेले दाणे त्यांनी वेगळे काढले होते. ते त्यांनी अंगणात फेकले. चिमण्यांचा थवा उतरला.

मी म्हटलं, "किती छान!" मला तरी दुसरं काय कळत होतं?

त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांत नानांच्या तोंडून मक्याचं कौतुक वाढत गेलं. पाहुण्याला पांढरा मका देणं मात्र त्यांनी बंद केलं. एकदा मधल्या सुट्टीत मी वर्गाच्या खिडकीशी उभी होते. समोर नानांचा मळा. कणसं तयार होती. पोरं कुंपणाच्या कडेकडेने खुशाल चालत पुढे गेली आणि पलीकडच्या पेरूच्या झाडावर चढली. नाना काठी घेऊन कुंपणाशी उभे होते. "खबरदार, कोनी मक्याले हात लावशान तं!" ते ओरडले. कुणी मागे वळूनही पाहिलं नाही. थोड्या वेळाने ते पुन्हा ओरडले. मला ते बघवेना, मी खिडकीतून बाजूला झाले.

दुसऱ्याच दिवशी, मी सुट्टीला धुळ्याला निघाले असताना, नाना गावाबाहेर रस्त्यात आडवे आले. उपरण्याखाली एक वाळलेलं आणि एक ताजं कणीस होतं. "बाई, तुमचे भाऊ सरकारी शेतीवर आहे ना? त्यायले इचारा, याले काय झालं. अन् इथं बोलू नका कोनाजोळ."

धुळ्याला घरात पाऊल टाकलं तर भाऊ हसून आमच्या अहिराणीत म्हणाला, "काय वं माय, पिशवीमा काय शे? असोदाना केळं?" मी कणसं काढून त्याच्यापुढे ठेवली. तो दुसऱ्या दिवशी ती घेऊन शेतीवर गेला, तिथल्या साहेबांना दाखवली. साहेब मोठा सालस माणूस असावा. त्याने सगळं नीट समजावून सांगितलं आणि भावाने ते मला सांगितलं. गोड मक्याचा दाणा वाळला की सुरकुततोच. सुरकुती हीच त्याची खूण. शेजारी दुसरा मका असला की वाऱ्याने त्याचा पराग येतो आणि त्याच कणसात साधे, टपोरे दाणे भरतात. बियाण्याला सुरकुतलेले राखायचे आणि टपोरे काढून टाकायचे. "आते हाऊ बठ्ठा साधा मका व्हई गया शे," भाऊ म्हणाला; म्हणजे आता सगळाच साधा. "बी निवडनारानी उलटं करं, ताई."

परतीच्या मोटारीत मला सारखं ते सूप दिसत होतं. आणि अक्कांचं हसू.

नानांना मी मळ्यातच गाठलं. सांगायला शब्द फार लागले नाहीत. ते विहिरीच्या थारोळ्याच्या, मोटेचं पाणी पडतं त्या कुंडाच्या, काठावर बसले होते. ऐकून झाल्यावर त्यांनी आधी डोक्याचं उपरणं काढलं आणि मांडीवर ठेवलं. मग पांढऱ्या मक्याच्या जुन्या तुकड्याकडे पाहत म्हणाले, "तो मी लावला व्हता. पाहुन्यांले दाखवाले." उपरण्याची घडी घालत म्हणाले, "अन् तिनं निवडला."

"नाना, अक्कांना सांगून पुढच्या वर्षी..."

"नही." त्यांनी मला वाक्य पुरं करू दिलं नाही. "तिनं लेकीच्या नावानं मका सोडला, बाई. तिले चव ठाऊक नही. तिच्या लेखी तो अजून गोडच आहे. तिले काय सांगू, का तुह्याच बोटानं तू सिंधूले चिमन्यांपुढे टाकलं? हे अक्काले सांगू नका. कधीच नही." आणि तो उंच माणूस माझ्यादेखत, तोंडावर उपरणं धरून रडला. मी आयुष्यात पुष्कळ रडणं पाहिलं आहे, पण त्या उपरण्याआडून आलेला आवाज मला अजून ऐकू येतो.

त्या वर्षी अक्कांनी बी निवडलं तेव्हा नाना कधी नव्हे ते अंगणात घुटमळत होते. अक्का पाणी आणायला गेल्या आणि हा म्हातारा गुडघ्यांवर बसून चिमण्यांच्या तोंडचे दाणे वेचू लागला. काही थोडे मिळाले, तेही चोचीने फोडलेले, अंगणातल्या ओलीत पडलेले. मळ्याच्या दुसऱ्या टोकाला, सगळ्यांपासून दूर त्यांनी ते टोकले. रोज जाऊन पाहत. एकही उगवला नाही. मग जळगावहून गाडीने भुसावळला गेले. जावयाने दुसरं लग्न केलं होतं आणि त्याची बदली झाली होती. बंगल्यामागची बाग मोडून तिथे कोळशाचे ढीग घातले होते. माळी कुठे गेला कुणाला ठाऊक नव्हतं. "काळं झालं सारं," आल्यावर ते मला एवढंच म्हणाले.

पुढच्या सुट्टीत भावाने एक पुडी पाठवली. साहेबाने मुद्दाम कुठून तरी मागवलेलं गोड मक्याचं बी. दाणे चांगले सुरकुतलेले. मला फार आनंद झाला. हे लावलं की झालं, कुणाला काही सांगायला नको, मका पुन्हा गोड. मी पुडी नानांच्या हातात दिली. त्यांनी उघडून पाहिली, एक दाणा बोटांत धरला, अगदी अक्का धरायच्या तसा.

"हे याच्याहून गोड असंन," ते म्हणाले.

"असेलच. लावा ना मग."

त्यांनी पुडी पुन्हा बांधली. "बाई, कोनाची बी लेक आनून सिंधूच्या जागी बसवू का? माही आहे ती अशी आहे. बिघडली तं बिघडली." पुडी त्यांनी माझ्या हातात परत दिली. मी रागावले. हट्टी म्हातारा म्हणून मनात चार शब्द बोलले. दोन बियांतून एक निवडायची होती आणि या जिभेच्या राजाने गोड सोडून अळणी निवडली होती.

त्यानंतरही कणसं दुधात आली की नाना सकाळी चूळ भरून मळ्यात जात, दाणे टिपत, डोळे मिटत, चिंध्या बांधत. घरी येऊन दारातूनच सांगत, "ऐकलं का वं? औंदा तं लाख गोड आहे." अक्का चुलीपाशी मान हलवत. नाना गावभर तेच सांगत. पण गावाने तो मका खाल्ला होता. आणि गावाला कारण ठाऊक नव्हतं, म्हणून गावाने त्याचा एकच अर्थ काढला, नानांची जीभ गेली.

तो अर्थ किती हौसेने काढला म्हणून सांगू! पारावर त्यांना बिनसाखरेचा चहा देऊन विचारायचं, "नाना, साखर जास्त तं नही झाली?" कारल्याची भाजी दोडक्याची म्हणून चाखायला लावायची. सासुरवाशिणींच्या वाट्या यायच्या बंद झाल्या. आधी मला वाटलं, नाना आता उसळतील, पूर्वीसारखे भांडतील. ते बिनसाखरेचा चहा पिऊन म्हणत, "चांगला आहे." एकदा माझ्याकडे चहा घेताना मी न राहवून म्हटलं, "नाना, का ऐकून घेता?" ते हसले. "जीभ शाबूत आहे म्हटलं, तं मका गोड नही म्हनावं लागंन." आणि मग, जुन्या सवयीने, "दूध आज दुसऱ्या म्हशीचं." ते अगदी बरोबर होतं. त्या दिवसापासून मी त्यांच्यावर रागावणं सोडून दिलं.

शेवटच्या पावसाळ्यात नाना खाटेवर पडले. छातीत पाणी झालं होतं. जळगावच्या डॉक्टरांनी औषध दिलं आणि अक्कांना बाजूला घेऊन खरं सांगितलं. मळ्यात कणसं दुधात आली होती. नाना सकाळ झाली की चूळ भरून घेत आणि उठायचा प्रयत्न करत. अक्का त्यांना पुन्हा निजवत. तिसऱ्या-चौथ्या सकाळी अक्का म्हणाल्या, "पडून राहा. मी जाते. चिंध्या द्या इकडे."

नाना इतके दचकले की खाट करकरली. "तू कशाले? तुले वर्ज्य आहे."

"सिंधूले मी समजावीन," अक्का म्हणाल्या.

नानांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत अशी विनवणी होती की मी उठून अक्कांच्या मागोमाग गेले. पण जाऊन मी काय करणार होते?

मळ्यात अक्कांनी पहिल्या ताटापाशी हात जोडले. पानं सोलली, दोन दाणे तोडले, तोंडात घातले. चावले. थांबल्या. त्या पुढच्या ताटाकडे गेल्या. तिथे चाखलं. मग पुढच्या. नंतर त्या भरभर चालू लागल्या, सोलायच्या, चावायच्या, सोडून द्यायच्या. लुगड्याला पानांची धार लागत होती, हात चिरत होते, तिकडे लक्ष नव्हतं. अख्खा तुकडा त्या अशा फिरल्या, काही हरवलेलं शोधावं तशा. शेवटच्या ताटाशी त्या उभ्या राहिल्या. हातात चिंध्या तशाच होत्या.

"बाई, सिंधूनं धाडलं तेव्हा सारं बी सुरकुतलेलं व्हतं. नही का?"

मी मान खाली घातली, आणि तेच उत्तर झालं.

अक्का मटकन खाली बसल्या. स्वतःची बोटं पुढे धरून बघत राहिल्या. "मी निवडून निवडून टाकलं," त्या म्हणाल्या. मग बोटं मिटत, "अन् हे इतके वर्सं गोड म्हनत राह्यले. सारं गाव हासलं त्यायले." त्यांना रडू आलं नाही. ते आलं असतं तर मला बरं वाटलं असतं. त्या उठल्या, हाताला आलेल्या कणसांवर एक एक चिंधी बांधली, प्रत्येक गाठ नीट ओढून. एक कणीस तोडून पदरात घेतलं. बांधावर येताना त्यांनी माझं मनगट धरलं. "मले कळलं, हे त्यायले सांगू नका."

मी "बरं" म्हटलं. असंच एकदा मी नानांनाही म्हटलं होतं.

दुपारी घरी आल्यावर अक्कांनी पऱ्हाटीच्या चार काड्या पेटवल्या, कणीस भाजलं आणि खाटेपाशी गेल्या. नाना भिंतीकडे तोंड करून पडले होते. पावलं ऐकू आली तरी वळले नाहीत. अक्का म्हणाल्या, "गोड आहे."

नाना सावकाश वळले. अक्कांचं तोंड न्याहाळत राहिले. "किती?"

"सिंधूनं खाल्ला व्हता तेवढा. लाख गोड."

ज्यांच्या जिभेला म्हैस कळायची, त्यांना हे खोटं कळलं नसेल असं मला वाटत नाही. ते एकवार माझ्याकडे पाहून म्हणाले, "पाह्यलं बाई? मी सांगत नव्हतो?" आणि तोंड उघडलं. अक्कांनी दाणे सोलून, चिरडून त्यांच्या जिभेवर ठेवले. नानांनी डोळे मिटले, पूर्वी मिटायचे तसे, आणि घास तोंडात फिरवत राहिले.

नानांना मी त्यानंतर पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी मला शाळेच्या कामाला रावेरला जावं लागलं आणि परतले तेव्हा ओसरीवरची खाट उचलून उभी केलेली होती. म्हणून नाना म्हटलं की मला तीच दुपार दिसते. ते डोळे मिटून चावताहेत आणि पायथ्याशी बसून अक्का उरलेलं कणीस खाताहेत, ओळीने, एकही दाणा न टाकता.